उजेडपेटीतले पत्ते

कार्यानुभव हा विषय शाळेत नवीन आला तेव्हा तो शिकवायला कुणीच पुढे येईना. गणितवाल्यांना गणित होतं, इतिहासवाल्यांना इतिहास होता, आणि मातीची फळं करून घेण्यात कुणाला मोठेपणा वाटत नव्हता. मग हेडमास्तरांनी तो सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात घातला. तो माणूस मी. वय तेवीस, नोकरी अजून कायम झालेली नाही, आणि बोली मोहोळकडच्या आमच्या गावाची, अंगाला चिकटलेली. एकदा वर्गात मी "खडू कुटं हाय" म्हणालो आणि ते शेजारच्या वर्गावरच्या गुरुजींनी ऐकलं. पुढे महिनाभर शिक्षकांच्या खोलीत कुणाला काहीही सापडत नसलं की ते माझ्याकडे बघून "कुटं हाय" म्हणायचे. मीही हसायचो. रात्री खोलीवर जाऊन 'कुठे आहे, कुठे आहे' असं घोकायचो. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं मी जे वागलो त्याचं मूळ ह्या असल्या फालतू गोष्टीत आहे. कुणीतरी आपल्याला हुशार म्हणावं, एवढीच माझी भूक होती आणि ती फार वाईट भूक होती.

शाळा सोलापूरच्या पूर्व भागात होती. पोरं बहुतेक विणकरांच्या घरची. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि मागाचा खडखडाट दोन्हीकडे. पहिले पंधरा दिवस त्या आवाजानं माझं डोकं उठायचं, मग तो ऐकू येईनासा झाला. मला ज्वारी कळत होती, बैल कळत होता. मागातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळून घ्यावं असंही वाटत नव्हतं. आपण शिकवायला आलोय, शिकायला नाही, असा माझा समज होता.

सहावीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. बारीक, दोन वेण्या, वर्गात फारसं न बोलणारी. एका दुपारी मी फळ्यावर काहीतरी लिहीत होतो आणि माझ्या हातावर, खडूवर, फळ्यावर उजेडाचे ठिपके पडले. ठिपके हलले, गेले, दुसरे आले. मागे वळून पाहिलं तर ही मुलगी दारातून येणाऱ्या उन्हात एक भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा पत्ता धरून बसलेली. मी नेहमीसारखा ओरडलो. ती घाबरून उभी राहिली आणि पत्ता पुढं केला. तो पत्ता मी पहिल्यांदा हातात घेऊन बघितला. हाताएवढा लांब, चार बोटं रुंद, त्यावर ओळीनं भोकं. कुठं भोक होतं, कुठं नव्हतं.

तिचे वडील घरी बसून असे पत्ते पंच करायचे. लुगड्याच्या काठावर जी नक्षी येते ती मागाला ह्या पत्त्यांवरून कळते, हे तिनं मला सांगितलं. मागाच्या वर यंत्र असतं, त्यावरून पत्त्यांची माळ फिरते, भोक आलं की धागा वर उचलला जातो, भोक नसलं की धागा खाली राहतो. तिच्या वडिलांचं म्हणणं असं की मागाला काही येत नाही, पत्ता सांगतो तेवढंच तो करतो. सहावीतल्या पोरीनं हे मला इतक्या सहज समजावलं की मला तिचा थोडा रागच आला.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला. पत्ता जर मागाला सांगू शकतो तर दिव्याला का सांगू शकणार नाही? मातीच्या फळांना मी विटलो होतोच. पुढच्या तासाला मी पोरांना म्हणालो, आपण उजेडाची पेटी करू.

त्या दोन महिन्यांसारखे दिवस मला मास्तरकीत पुन्हा आले नाहीत, हेही कबूल केलं पाहिजे. वाण्याकडून चहाचं लाकडी खोकं आणलं. त्याच्या एका बाजूला आडवी फट पाडली. आत बल्ब लावला. आधी दुधी काचेचा लावला होता, तेव्हा भिंतीवर नुसता पुसट उजेड पडला. साध्या काचेचा लावून बघू, हे त्याच मुलीनं सुचवलं आणि ठिपके लख्ख उमटले. खोकं तापायला लागलं म्हणून झाकणाला भोकं पाडली. फटीच्या वर आणि खाली सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिनी बसवल्या, वरच्या बॉबिनीला सायकलच्या तारेचं हँडल केलं. पत्ते दोऱ्यानं एकमेकांना बांधून त्यांची माळ करायची, ती बॉबिनीवरून फिरवायची, आणि फटीसमोर एकेक पत्ता येईल तसे भिंतीवरचे ठिपके बदलायचे. पोरांनी लग्नपत्रिका जमवल्या, चपला शिवणाऱ्याकडून भोकं पाडायची नळी आणली आणि आपापले पत्ते तयार केले. कुणी एक ठिपका, मग दोन, मग तीन, असे वाढवत नेले. कुणी ठिपका डावीकडून उजवीकडे चालवला. माळ गोल बांधली की नाच पुन्हा पहिल्यापासून सुरू. पत्त्यांचा क्रम बदलला की नाच बदलला. एका पोरानं मधला एक पत्ता उलटा बांधला आणि चालता चालता ठिपक्यानं मागं उडी मारली, तेव्हा अख्खा वर्ग हसून लोटपोट झाला. पेटीला उजेडपेटी हे नाव पोरांनीच दिलं.

हँडल फिरवायचं काम त्या मुलीकडे होतं. मी दिलं नव्हतं, ते आपोआप तिच्याकडे गेलं होतं. बाकीचे भराभरा फिरवायचे आणि पत्ता फटीत अडकायचा. ही एका लयीत फिरवायची, प्रत्येक पत्त्यावर क्षणभर थांबून. वर्गात तोंड न उघडणारी पोर पेटीपाशी उभी राहिली की बाकीच्यांना सरका, दिव्याच्या आड येऊ नका, असं दटावायची. मला ते दिसत होतं आणि त्याचा उपयोग मी पुढं कसा केला ते सांगतो.

तिनं घरून थोडे जुने पत्ते आणले होते. टाकाऊ, कडा तुटलेले, तेलकट. ते लावले की भिंतीवर ठिपके नुसते विस्कटायचे. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, हे दहा ठिकाणचे आहेत, एका डिझाइनचे नाहीत. एका डिझाइनची पुरी माळ असली की ठिपके कसे येतात आणि कसे परत जातात ते बघा. आणि मग पोरीच्या तोंडून निघून गेलं, की घरी आत्ता एका काठाची माळ आहे. चाळीस-पन्नासच पत्ते, कोरे करकरीत. नान्नांनी कालच पुरी केली. वडिलांना ती नान्ना म्हणायची.

त्याच आठवड्यात हेडमास्तरांनी सांगितलं की शाळेत कार्यानुभवाचं प्रदर्शन भरवायचं, शिक्षण खात्याचे साहेब बघायला येणार आहेत, आणि पालकांनाही बोलवायचं. जाता जाता ते मला म्हणाले, तुमच्या कायम होण्याचा कागद साहेबांच्याच टेबलावर आहे. एवढं वाक्य मला पुरेसं होतं. मी मुलीला म्हणालो, ती माळ घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी ती मोकळ्या हातानं आली. मधल्या सुट्टीत मी तिला पेटीपाशी बोलावलं.

"घरी विचारलंस?"

"विचारलं, सर. नान्ना नको म्हणले. मालकाचं हाय ते, नवीन. लुगडं बाजारात येईस्तोवर दाखवायचं नसतंय कुणाला."

"आपण कुठे बाजारात दाखवतोय? शाळेत तर आणायची."

तिनं पेटीचं हँडल उगाच अर्धं फिरवलं.

"लोकं वाचतेत की, सर," ती म्हणाली.

मला हसू आलं. भोकं कोण वाचणार? धंदेवाल्यांच्या असतात अशा समजुती, आमच्याकडेही बियाण्याच्या पोत्याला कुणाची नजर लागू नये म्हणून काय काय करतात. मी तिला म्हणालो की एका दुपारचा प्रश्न आहे, कार्यक्रम झाला की लगेच माळ घरी जाईल, कुणाला पत्ताही लागणार नाही. ती तरी कबूल होईना. मग मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण हे वाक्य मी आजवर कुणाला शब्दशः सांगितलेलं नाही.

"बरं, राहू दे. मग त्या दिवशी पेटी दुसरं कुणीतरी फिरवेल."

एवढंच. ओरडलो नाही, छडी उगारली नाही. उलट अगदी मऊ आवाजात बोललो. बारा वर्षांच्या पोरीकडे तिचं म्हणून जे एक होतं त्यावर मी बोट ठेवलं आणि वर्गावर निघून गेलो.

प्रदर्शनाच्या दिवशी ती पंच्यात गुंडाळलेली माळ घेऊन आली. मी "शाब्बास" म्हणालो. नान्नांना विचारलंस का, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, आणि मला ते नको होतं.

आम्ही वर्गाच्या खिडक्यांवर पोरांच्या घरच्या चादरी लावून भरदुपारी अंधार केला. साहेब आले. मी शुद्ध मराठीत पाच मिनिटं बोललो, एकही शब्द गावाकडचा निसटू दिला नाही. मुलीनं हँडल फिरवलं. आणि खरंच, ती माळ वेगळी होती. ठिपके एका कोपऱ्यातून उगवायचे, पसरायचे, मधे दाटायचे, पुन्हा विरळ होत कडेला जायचे आणि पुन्हा तसेच परत यायचे. मला त्यात चांदण्या दिसत होत्या. साहेबांनाही तसंच काहीतरी दिसलं असणार. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, हेडमास्तरांकडे बघून मान हलवली आणि चहाला गेले. मी तेव्हा जमिनीपासून दोन बोटं वर होतो.

साहेब गेल्यावर पालक आत आले. पाळी संपवून आलेले बापे, कडेवर पोर घेतलेल्या बाया. त्या मुलीच्या घरचं कुणी नव्हतं. पेटी पुन्हा सुरू झाली आणि अंधारात कुजबूज उठली. मला वाटलं कौतुक चाललंय. पुढं बसलेला एक म्हातारा तेलुगूत शेजाऱ्याला काहीतरी सांगत भिंतीकडे बोट दाखवत होता, आणि त्यात मधेच पोपट हा मराठी शब्द मला ऐकू आला. ढगात हत्ती दिसावा तसं म्हाताऱ्याला काहीतरी दिसलं असेल, असं समजून मी त्याची थट्टा केली.

"काय आजोबा, पोपट दिसला का?"

"दिसला की," तो म्हणाला. "दोन हायत. एकमेकाला पाठ करून बसल्यात. मधी डहाळी हाय."

सगळे हसले. मीही हसलो. पेटीपाशी उभी असलेली मुलगी हसली नाही, हे मी पाहिलं आणि पाहून सोडून दिलं.

मग मागच्या बाजूनं पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ पुढं आले. खिशाला पेन, बोलणं अदबीचं. मला सर सर म्हणत म्हणाले, फार डोकेबाज काम केलंत, आमच्या पोरांनाही घरी करून दाखवीन म्हणतो, जरा सावकाश फिरवायला सांगाल का? लिहून घ्यायला एखादा कागद मिळाला तर बरं. चौकडीचा असला तर अजून बरं. हरभऱ्याच्या झाडावर मी आधीच चढलेलो होतो, ह्यांनी आणखी वरची फांदी दाखवली. मी एका पोराची गणिताची वही घेतली आणि तिचं मधलं चौकडीचं पान माझ्या हातानं फाडून त्यांना दिलं.

मुलीनं हँडल थांबवलं.

"सर, पत्ता अडकला," ती म्हणाली.

मी जाऊन बघितलं. काही अडकलेलं नव्हतं. मी तिला म्हटलं, अडकलेलं नाही, फिरव. ती म्हणाली, अडकलाय सर. तिचा हात हँडलवर होता आणि तो गच्च होता. मला वाटलं पोर दमली. मी तिला बाजूला केलं आणि हँडल स्वतः हातात घेतलं. तीन वेळा ती माळ मी फिरवली, प्रत्येक पत्त्यावर थांबून, तिच्यापेक्षाही सावकाश. तो माणूस भिंतीकडे बघत होता आणि पानावरच्या चौकोनांत ठिपके भरत होता. मधे एकदा म्हणाला, मागचा एक परत दाखवा, आणि मी दाखवला. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येक माणसाला काय चाललंय ते कळत होतं. एकट्या मास्तरला कळत नव्हतं. बाकीचे बोलले का नाहीत, असं मी नंतर कितीदा तरी मनात म्हटलं. पण शाळा होती, मी सर होतो, आणि मी स्वतः फिरवत होतो. त्यांना वाटलं असेल, सरांनी विचारूनच केलं असेल.

मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पुष्कळ वर्षं मी त्या वाक्यावर तग धरला. पण तिला माहीत होतं आणि तिनं मला सांगितलं होतं, हेही तेवढंच खरं आहे.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. दोनेक महिन्यांत तो पोपटाचा काठ बाजारात आला, पण दुसऱ्याच कारखान्याच्या लुगड्यावर. ज्या मालकाचं डिझाइन होतं त्यानं मुलीच्या वडिलांना बोलावलं. पत्ते पंच करणाऱ्याच्या हाताला कसब लागतंच, पण त्याला काम मिळतं ते त्याच्या घरातून गोष्ट बाहेर जात नाही म्हणून. पूर्व भागात हे सगळ्यांना ठाऊक होतं. वडिलांनी देवाशपथ सांगितलं की मी कुणाला दाखवलं नाही. तिथं कुणीतरी म्हणालं, शाळेत तर भिंतीवर दाखवत होते. त्या दिवसापासून त्यांच्याकडे पत्त्यांचं काम येणं बंद झालं. त्या मालकाचंही आणि इतरांचंही. कालपर्यंत ज्यांना लोक घरी येऊन डिझाइनबद्दल सल्ला विचारत, ते दुसऱ्याच्या शेडमध्ये पाळीवर माग चालवायला जाऊ लागले.

एका सकाळी तिचे वडील शाळेत आले. हेडमास्तरांच्या खोलीत मला बोलावणं आलं. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. माझ्या वडिलांच्या वयाचे, धुवट शर्ट, हातात टोपी. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हेडमास्तर खुर्चीत, आणि त्यांच्या पुढ्यात टेबलावर फायली. ते गृहस्थ चिडलेले नव्हते. ते चिडून आले असते तर मला बरं पडलं असतं, मीही चिडलो असतो. ते मला नमस्कार करून म्हणाले की माझा तुमच्यावर काही आरोप नाही, पोरगीनं शाळेत न्यायला माळ मागितली होती आणि मी नको म्हणालो होतो, मला फक्त एक माहीत करून घ्यायचंय.

"सर, हे पत्ते तुमी आणायला सांगितलावता का?"

हेडमास्तर माझ्याकडे बघत होते. माझा कागद अजून आलेला नव्हता. आणि अशा वेळीही माझं डोकं कसं चपळ चाललं बघा. चार-पाच महिन्यांपूर्वी, अगदी सुरुवातीला, मी वर्गाला सांगितलं होतं की घरी टाकाऊ पत्ते असतील तर आणा. ते वाक्य मी शोधून काढलं.

"मी मुलांना जुने पत्ते आणायला सांगितले होते," मी म्हणालो. "टाकाऊ."

एक शब्द खोटा नव्हता. मी ते किती स्वच्छ उच्चारात बोललो हे मला अजून ऐकू येतं. त्यांनी मान हलवली आणि दाराकडे वळले. मुलीला त्यांनी तेलुगूत विचारलं आणि मग, आम्हाला कळावं म्हणून, मराठीत.

"सर सांगितले न्हवते. मग तुला कोण सांगितलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. फळ्यावरचं गणित बरोबर आहे का हे विचारायला पोरं बघतात तसं, उत्तराची वाट बघत. मी टेबलाकडे पाहिलं.

"मीच आणले," ती म्हणाली.

हेडमास्तरांनी मग मुलांवर घरच्यांनी लक्ष ठेवावं असं काहीसं बोलून विषय मिटवला. जाताना तिच्या वडिलांनी माझी माफी मागितली. पोरीमुळं शाळेच्या चांगल्या कार्यक्रमाला डाग लागला म्हणाले. मी "असू द्या, असू द्या" म्हणालो. असं म्हणायला जीभ कशी रेटली, हे मला आजही कळत नाही.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. तिच्या बाकावरच्या शेजारणीनं सांगितलं की ती आता आईबरोबर विड्या वळायला बसते. मी रोज लाल पेनानं गैरहजेरी मांडत होतो. माझा कायम झाल्याचा कागद आला, शिक्षकांच्या खोलीत मी पेढे वाटले, आणि त्या दिवशी कुणी "कुटं हाय" म्हणालं नाही. उजेडपेटी कपाटावर चढवली. पोरं काढा म्हणायची, मी आज नको म्हणायचो.

मी चांगला माणूस आहे, असं मला स्वतःबद्दल वाटत आलेलं होतं. ते वाटणं टिकत नव्हतं म्हणून मी गेलो, तिच्याबद्दल कळवळा आला म्हणून नाही. महिना उलटून गेल्यावर एका सुट्टीच्या दिवशी सात रस्ता चौकाजवळच्या माझ्या खोलीवरून सायकल काढली आणि पत्ता विचारत त्यांच्या घरी पोचलो. वाटेत वाक्यं पाठ केली होती. दारातच मुलगी सुपात तंबाखू घेऊन बसलेली दिसली. मला बघून ती उठली, सूप बाजूला ठेवलं आणि आत वर्दी दिली.

घरात एकच धावपळ उडाली. मास्तर घरी आले म्हणून शेजारून खुर्ची आणली गेली, तिच्यावर कोरी चादर अंथरली. वडील समोर खाली बसले. मी वर आणि ते खाली, हेही मला नको होतं, पण त्यांनी ऐकलं नाही. आईनं चहा ठेवला. मी चहा येईपर्यंत थांबलो नाही, कारण चहा घेतल्यावर माझ्यानं बोलवलं नसतं. मी सगळं सांगितलं. नवी माळ मीच मागितली. तिनं तुम्ही नको म्हणाल्याचं सांगितलं होतं. तरी मी तिला पेटी फिरवू देणार नाही म्हणालो. तिनं मधेच थांबवायचा प्रयत्न केला, तेव्हा हँडल मी हातात घेतलं. कागदसुद्धा मीच दिला. बोलता बोलता माझी शुद्ध मराठी कधी सुटली ते मला कळलं नाही, मी गावाकडचं बोलत होतो. मुलगी भिंतीशी उभी राहून ऐकत होती. माझ्या अंगावरचं ओझं शब्दाशब्दानं उतरत होतं आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ते हसले. इतकं मायेचं हसणं की मला काही उमजेना.

"सर, तुमचं मन लई मोठं हाय," ते म्हणाले. "पोरगीला वाचवायला तुमी हितंपर्यंत आलाव. पण असं नका करू. ती सोता कबूल झालीय तुमच्यासमोर. आता तुमच्यासारखा माणूस तिच्यापायी खोटं बोलला, तर तिला खोट्याची गोडी लागंल."

मी म्हणालो, खोटं नाही हो, खरं सांगतोय. त्यांनी हात जोडले. राहू द्या सर, म्हणाले. आमच्या हातून झालं ते झालं. हेडमास्तरांच्या समोर तुम्ही बोललात तेच खरं. एवढा शिकलेला माणूस हेडमास्तरांच्या समोर कशाला खोटं बोलेल?

इथं मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. हेडमास्तरांना चार ओळी लिहून द्यायच्या होत्या. त्या मालकाकडे जाऊन उभं राहायचं होतं. निदान तिथंच, त्या खुर्चीतून उतरून खाली बसायचं होतं आणि ते ऐकेपर्यंत हलायचं नव्हतं. मी पुन्हा एकदा "नाही हो" म्हणालो. तो आवाज आधीच्यापेक्षा बारीक होता, हे मला त्याच क्षणी समजलं. कारण मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मी सांगितलं होतं, त्यांनी मानलं नव्हतं, आता माझ्याकडे बोट दाखवणारं कुणी उरलं नव्हतं. मी केलेल्या सगळ्यात ह्या सुटल्यासारखं वाटण्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. बाकीचं वय म्हणून, भीती म्हणून, अडाणीपणा म्हणून कसंतरी पोटात घालता येतं. हे येत नाही.

चहा आला. मी तो बशीत ओतून सगळा प्यायलो.

मी उठलो तशी वडिलांनी मुलीला हाक मारली आणि सरांच्या पाया पड म्हणाले. ती भिंतीपासून पुढं आली. तिच्या बोटांना तंबाखू लागलेला होता, तो तिनं परकराला पुसला. तिला सगळं माहीत होतं. मी खरं बोललो हे त्या घरात फक्त तिला माहीत होतं, आणि मी किती लवकर गप्प बसलो हेही. ती वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. तिची बोटं माझ्या पायांना लागली, आणि माझा हात सवयीनं तिच्या डोक्यावर गेला, आणि तोंडातून सवयीनंच निघालं, "शिकून मोठी हो."